पोहोच मोजायची कशी?

ग्रामीण सूक्ष्मकर्जाबद्दल एक मत हल्ली सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते : व्याजदर चढा असला तरच संस्था टिकते, नफा दिसला तरच भांडवल येते आणि भांडवल आले की पोहोच आपोआप वाढते. यातले पहिले विधान मला बरेचसे मान्य आहे. दहा बायकांना तीस-तीस हजार द्यायचे आणि दर आठवड्याला माणूस पाठवून हप्ते गोळा करायचे, तर तीन लाखांच्या एका कर्जापेक्षा खर्च जास्त येणारच. शेवटचे विधान मात्र निव्वळ गृहीत धरलेले आहे.

भांडवल जाते कुठे? एका फेरीत पाच गटांची वसुली उरकते तिथे. म्हणजे डांबरी रस्त्याच्या गावात, आधीच गट बांधलेल्या गल्लीत. एका गटासाठी पाड्यावर अर्धा दिवस घालवणे हिशेबात बसत नाही. मग एकाच दारात सोमवारी एका फायनान्सवाल्याचा हप्ता, गुरुवारी दुसऱ्याचा. बाई एकच, पण दोन्ही अहवालांत तिची स्वतंत्र गणती.

ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएस या सूक्ष्मकर्ज कंपनीचे शेअर बाजारात आले. ऑक्टोबरात आंध्र सरकारने अशा संस्थांवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढला आणि तिथली वसुली जवळजवळ थांबली. दोष सरकारी ढवळाढवळीचा, असे पूर्वपक्ष म्हणतो. वटहुकूम आततायी होता, हे कबूल. पण मग रिझर्व्ह बँकेनेच नेमलेल्या मालेगाम समितीच्या अहवालानंतर, २०११ मध्ये, एका कर्जदाराला दोनपेक्षा जास्त सूक्ष्मवित्त संस्थांनी कर्ज देऊ नये, असा नियम बँकेला का करावा लागला? पोहोच नव्या घरांत वाढत असती तर या नियमाचे कारणच नव्हते.

राहिला नव्व्याण्णव टक्के वसुलीचा दाखला. पाच जणींच्या गटात एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या चौघी तिथेच वर्गणी काढतात, तोवर मीटिंग उठत नाही. त्या आकड्यात कमाई किती आणि शेजारणींची भीड किती, हे कोण सांगणार?

टिकण्याची दुसरी वाटही आहे : आधी बचत, मग कर्ज. नाबार्डने १९९२ पासून बचत गट बँकांना जोडले ते याच क्रमाने. माणदेशात म्हसवडच्या बायकांनी बँक मागितली तेव्हा अंगठेबहाद्दर सभासद पाहून परवाना नाकारला गेला. मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, असे त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना ऐकवले आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिथे कर्जाला पैसा येतो तो ठेवींतून. शेअर बाजाराच्या दारात उभे राहावे लागत नाही. शिवाय जिची रोजची बचत माहीत आहे, तिला किती हप्ता झेपेल हेही माहीत असते.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी संस्था लाखो कर्जदारांचा आकडा सांगेल, तेव्हा एवढेच विचारा : यातल्या किती घरांत दुसऱ्या कुणाचा हप्ता चालू नाही?