लहान राज्यें आणि त्यांचीं वर्तमानपत्रें

वर्तमानपत्रास तीन गोष्टी लागतात : वाचक, पैसा आणि निर्भय लेखणी. लहान राज्यांत पहिलीच उणी असते, आणि तिच्यापायीं उरलेल्या दोन्ही जातात. वाचक थोडे म्हणून वर्गणी थोडी. वर्गणी थोडी म्हणून दरबारच्या आश्रयाची गरज. आणि आश्रय आला कीं लेखणीस वेसण बसते. १९४७ पूर्वीं संस्थानांनीं वेढलेल्या महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाहीं.

कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याचा बोभाटा १८८१ च्या सुमारास झाला. त्याला वाचा फोडली ती पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं. कारभारी माधवराव बर्वे यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ज्या कागदांवर संपादकांची भिस्त होती, ते बनावट ठरले. आणि जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. पुढें २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरास पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. संपादकांची चिंता अनाठायीं नव्हती. पुरावा मात्र खोटा होता. बाहेरून लिहिणाऱ्यास भय कमी, पण आंतलें खरेंखोटें पारखण्याचें साधनही कमी, हा या प्रकरणाचा धडा होय.

बाहेरून लिहिण्याची ही वाटही पुढें अरुंद झाली. संस्थानिकांविरुद्ध अप्रीति पसरविणाऱ्या लेखनास शिक्षा सांगणारा कायदा १९२२ सालीं मध्यवर्ती विधिमंडळानें नाकारला, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं तो आपल्या खास अधिकारानें अंमलांत आणला. गोव्यांत ‘हेराल्डो’ हें दैनिक १९०० सालीं निघालें खरें. परंतु १९२६ नंतर पोर्तुगीज राजवटीची सेन्सॉरशाही आली, आणि १९५३ मध्यें त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांस ‘फ्री गोवा’ हें पत्र मुंबईंतूनच काढावें लागलें.

याला सुखद अपवाद औंधचा. या चिमुकल्या संस्थानांत किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालें. पुढें ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ हीं मासिकें निघालीं. राजे भवानराव पंतप्रतिनिधि उदार होते, हें एक कारण. दुसरें त्याहून महत्त्वाचें. या मासिकांचे वाचक संस्थानापुरते नव्हते, ते मराठी वाचणाऱ्या सर्व मुलुखांत पसरलेले होते. राज्य लहान होतें, भाषा मोठी होती.

ज्या देशांत भाषाही देशाएवढीच लहान, त्यांची अडचण अधिक. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आंत. तेथील ‘फ्रेत्ताब्लादिद’ हें फुकट वांटलें जाणारें मोठें दैनिक २०२३ सालीं बंद पडलें. लक्झेंबर्गनें १९७६ सालापासून कायद्यानें पत्रांस सरकारी साहाय्य दिलें आहे. तें नियमानें मिळतें, मर्जीनें नव्हे. दरबारी आश्रयांत आणि त्यांत एवढेंच अंतर, पण तें फार मोठें आहे.

आतां आमच्या नंदुरबारकडे पाहूं. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. त्याच्या सातपुड्याकडील भागांत काठी, चिखली आदि मेहवासी संस्थानें होतीं. काठीची राजवाडी होळी आज दूरदूरच्या लोकांस ठाऊक आहे. परंतु तेथील भिल्ल प्रजेनें शंभर वर्षांपूर्वीं काय सोसलें, हें शोधूं गेल्यास हातीं येतें तें १८८० च्या खानदेश ग्याझेटियरासारखें साहेबाच्या दृष्टीनें लिहिलेलें साहित्य. ज्या मुलुखाची बातमी त्याच्याच माणसांनीं लिहिली नाहीं, त्याचा इतिहास परक्याच्या दप्तरांत राहतो.

म्हणून श्रोतेहो, मुंबई-पुण्याचें पत्र अवश्य घ्यावें. पण आपल्या गांवच्या पत्राची वर्गणीही चुकवूं नये, आणि त्यांतली चूक दिसतांच संपादकांस दोन ओळी लिहाव्या. पत्रास वाचकाची वर्गणी जितकी पोंचेल, तितका त्याला दुसऱ्याचा आश्रय कमी लागेल.