पाव आणि पंक्ती : गिरगाव ते लालबाग परिसरातील भाजक्या अन्नाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

अन्नाचा इतिहास हा केवळ पदार्थांचा इतिहास नसतो. कोणते अन्न कोणाच्या हातून घ्यावे, कोठे बसून खावे आणि कोणत्या दिवशी पानात वाढावे, याविषयीचे नियम समाजाच्या रचनेवर प्रकाश टाकतात. या दृष्टीने मुंबईतील ‘पाव’ हा पदार्थ अभ्यासण्याजोगा आहे. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या मराठीबहुल भागांत पाव आज जवळजवळ प्रत्येक घरात येतो. मात्र गणेशचतुर्थीचा नैवेद्य किंवा दिवाळीतील पंक्तीचे पान यांत त्याला स्थान मिळालेले नाही. याच भागातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मात्र आंबवलेल्या गव्हाच्या पिठाचे मऊ, गोल फुगे नाताळच्या जेवणाचे भूषण मानले जातात. एकाच परिसरात, एकाच भाषेच्या छायेत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये हा भेद कसा निर्माण झाला आणि तो कितपत टिकला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शब्द, खमीर आणि माड

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. चार तुकडे एकत्र जोडलेले असतात म्हणून ‘पाव’, किंवा पीठ पायांनी मळले जाते म्हणून ‘पाव’, या व्युत्पत्ती लोकप्रिय असल्या तरी त्यांना भाषिक आधार नाही. बटाटा, चावी, पगार हे शब्दही त्याच मार्गाने मराठीत रुजले. १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या ताब्यात आली. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली व १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. तरीही पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेला स्थानिक समाज येथेच राहिला. दादरच्या पोर्तुगीज चर्चची १५९६ मधील स्थापना या सातत्याची साक्ष देते. तेथील सध्याची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभारली.

युरोपीय पावाला कोकणपट्टीत एक अडचण होती. पीठ फुगवण्यासाठी लागणारे खमीर येथे त्या रूपात उपलब्ध नव्हते. ही उणीव माडाच्या ताडीने भरून काढली. ताज्या ताडीत नैसर्गिक किण्व असते. ते पिठातील साखरेवर वाढते, त्यातून वायू निर्माण होतो आणि गव्हातील चिकट प्रथिनांच्या जाळ्यात तो अडकल्याने पीठ फुगते. मुंबईच्या दमट, उष्ण हवेत ही क्रिया वेगाने होते. गिरगाव, दादर, माहीम येथील माडांच्या वाड्यांत ताडी काढण्याचा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाकडे होता. म्हणजे जो पदार्थ ‘परका’ म्हणून दूर ठेवला गेला, त्याचा प्राण मराठी माणसाच्या श्रमातून आणि कोकणच्या झाडातून येत होता. पुढे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीवरील कर व निर्बंध वाढले आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ताडीचा मार्ग आणखी अरुंद केला. ताडीची जागा हळूहळू कारखान्यात तयार होणाऱ्या यीस्टने घेतली.

पावाचा घास आणि धर्मांतराचे भय

हिंदू समाजात पाव निषिद्ध मानला जाण्यामागे तीन कारणे एकत्र आली होती. तो आंबवण्यासाठी मद्यसदृश द्रव्य वापरले जाई. तो पाण्याने मळलेला असल्यामुळे स्पर्शदोषाच्या नियमात येई. आणि तो भाजणारा हात ख्रिस्ती किंवा मुसलमान असे. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा वसई व गोवा परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. या कथांचे ऐतिहासिक सत्य काहीही असो, त्यांतून व्यक्त होणारे भय मात्र खरे होते. मनुष्याची श्रद्धा बदलली की नाही याचा विचार न करता, केवळ त्याच्या पोटात गेलेल्या अन्नावरून त्याचे जातीतील स्थान ठरत होते.

१८४३ मधील श्रीपाद शेषाद्री प्रकरणाने हे स्पष्ट केले. मिशनऱ्यांच्या सहवासात राहिलेल्या या ब्राह्मण मुलाला पुन्हा जातीत घेण्याचा प्रश्न मुंबईत उपस्थित झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. वास्तविक हा मुलगा अल्पवयीन होता. तरीही वाद त्याच्या समजुतीपेक्षा त्याच्या संसर्गावर केंद्रित झाला.

परमहंस सभा : निषेधाचे शस्त्र

ज्या पदार्थाने माणूस जातीबाहेर जातो, तोच पदार्थ जात मोडण्याचे साधन बनू शकतो, हे मुंबईच्या सुधारकांनी ओळखले. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर, त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदींनी परमहंस सभा स्थापन केली. जयकर हे सभेचे अध्यक्ष होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे, असा दंडक होता. ईश्वर एक आहे आणि सर्व मानव बंधू आहेत, हे तत्त्व येथे एका घासात उतरवले गेले.

या विधीचे महत्त्व त्याच्या साधेपणात आहे. जातिभेदाविरुद्ध लेख लिहिणे किंवा व्याख्यान देणे यापेक्षा पावाचा तुकडा गिळणे अधिक कठीण होते, कारण त्या कृतीतून माघार घेता येत नव्हती. मात्र हा विधी बंद दाराआड होत होता, ही सभेची मोठी मर्यादा ठरली. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर पडल्याचे कळताच बहिष्काराच्या भीतीने सभा विखुरली. रात्री गुप्तपणे पाव खाणारे सभासद दिवसा आपापल्या घरच्या पंक्तीत पूर्ववत बसत होते. बाबा पदमनजी यांच्यासारखा एखादा सभासद उघडपणे १८५४ मध्ये ख्रिस्ती झाला. बहुतेकांना मात्र घर सोडायचे नव्हते. ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या आणि गिरगावात स्थिरावलेल्या प्रार्थना समाजाने उपासनेवर भर दिला, जातिभेद अमान्य केला. परंतु जातिभंगाचा विधी प्रवेशाची अट म्हणून ठेवला नाही. या बदलामागे परमहंस सभेच्या अनुभवाचा धडा असावा, असे मानण्यास जागा आहे.

सुधारकांची ही कोंडी पुढेही सुटली नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींना चहा व बिस्किटे देण्यात आली आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे जाहीर केली. त्यातून ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांच्या वतीने चौकशी झाली आणि १८९२ मध्ये रानडे यांनीही प्रायश्चित्त घेतले. भट्टीत भाजलेले बिस्कीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही किती ज्वालाग्राही होते, हे यावरून दिसते.

ख्रिस्ती घरांतील फुगे

गिरगावातील खोताची वाडी, दादर, माझगाव आदी ठिकाणच्या स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. या समाजाची बोली मराठीचेच एक रूप आहे. त्यांच्या सणाच्या स्वयंपाकात पावाचा एक वेगळा अवतार आढळतो. गव्हाचे पीठ अथवा मैदा, अंडी, नारळाचे दूध, थोडी साखर आणि ताडी किंवा यीस्ट यांचे सैलसर पीठ हाताने फेटून काही तास झाकून ठेवले जाते. पीठ वर आले की ते मुठीत घेऊन अंगठा व तर्जनी यांच्यामधून लहान गोळा पिळून काढतात आणि गरम तेलात सोडतात. गोळा टम्म फुगतो. म्हणून त्याचे नाव फुगा. नाताळात आणि लग्नघरी हे फुगे मांसाच्या रश्श्याबरोबर वाढले जातात.

येथे तंत्राचा मुद्दा लक्षणीय आहे. भट्टी असणे ही घराच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. मराठी घरातील चूल उकडणे, तळणे आणि तव्यावर भाजणे यांसाठी घडलेली होती. ईस्ट इंडियन गृहिणींनी युरोपीय खमिराचे तत्त्व कोकणी कढईत आणले. पंक्तीचे बंधन नव्हते म्हणून हे शक्य झाले, आणि भट्टी नव्हती म्हणून ते या रूपात झाले. शेजारच्या हिंदू घरात दिवाळीला करंज्या तळल्या जात असताना या घरांत नाताळच्या आदल्या दिवशी फुगे तळले जात. साधन तेच, नारळ तोच; फरक खमिराचा होता.

गिरणगावातील पाव

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली. त्यानंतरच्या अर्धशतकात परळ-लालबाग परिसर गिरण्यांनी व्यापला. कोकण व घाटावरून आलेले बरेचसे कामगार कुटुंब गावी ठेवून येथे राहत. त्यांचे मुख्य जेवण खाणावळीतील भात व भाकरी हेच राहिले. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने ज्या खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित केले, त्यांच्या श्रमावर हे जेवण उभे होते. पाव आला तो जेवणाच्या बाहेर, पाळीला जाण्यापूर्वीच्या चहाबरोबर. कोपऱ्यावरचे इराणी हॉटेल आणि गल्लीतील बेकरी यांनी तो पुरवला. येथे विकणाऱ्याची जात कोणी विचारत नव्हते, कारण वेळ नव्हता आणि पर्यायही नव्हता.

परंतु यावरून गिरणीने जात संपवली असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्याच गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे व त्या तोंडाचा ‘विटाळ’ सवर्ण कामगारांना नको होता. अधिक वेतनाचे काम त्यामुळे दलितांना बंद राहिले. परळच्या चाळीत दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ठामपणे मांडला. अनोळखी हाताचा पाव चालतो, परंतु सोबत्याच्या ओठाचा धागा चालत नाही, ही विसंगती पुरेशी बोलकी आहे. जेथे नियम पाळणे अशक्य झाले तेथे तो सैल पडला. जेथे तो पाळण्यात आर्थिक लाभ होता तेथे तो घट्ट राहिला.

सहभोजनाच्या चळवळीनेही या काळात वेगळे वळण घेतले. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सहभोजनांचा प्रसार केला. १८४९ मध्ये समतेची खूण परका पाव होती. आता ती घरची भाकरी झाली. बंद दाराआडचा घास उघड्या मंडपात आला.

१९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकण्यास आरंभ केल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांची चूल संकटात आली आणि वडापावाची गाडी काही कुटुंबांचा आधार बनली. बटाटा व पाव या दोन पोर्तुगीज शब्दांचा हा पदार्थ आता ‘मराठी’ म्हणून अभिमानाने मिरवला जातो.

सणाचे भाजके अन्न आणि घरची भट्टी

मराठी घराने भाजक्या अन्नाशी तडजोड केली ती नानकटाईच्या निमित्ताने. दिवाळीपूर्वी मैदा, तूप, साखर घेऊन गृहिणी बेकरीत जात. पीठ स्वतः मळून, गोळे स्वतः वळून केवळ भाजण्याचे काम भट्टीवर सोपवीत. साहित्य घरचे, हात घरचा, आग मात्र बाहेरची. शुचितेचा जुना नियम न मोडता त्याला बगल देण्याचा हा मार्ग होता. पुढे विजेच्या गोल ओव्हनने आगही घरात आली आणि नानकटाईबरोबर केकने प्रवेश केला. पावाला मात्र घरी करण्याची गरज भासली नाही, कारण बेकरीचा ताजा पाव स्वस्त होता. गोळे पत्र्यावर चिकटून ठेवल्यामुळे लादीपावाच्या बाजूंना कडक कवच येत नाही व तो मऊ राहतो. लाकडाच्या भट्टीत होणारे हे काम घरी साधणे सोपे नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शहरी घरांनी प्रथमच हा प्रयत्न केला.

आता या भट्ट्यांचेही स्वरूप बदलत आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न गंभीर आहे; त्याचबरोबर लहान बेकऱ्यांच्या खर्चाचा व पावाच्या दराचा प्रश्नही दुर्लक्षिता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की पावाचा स्वीकार विचारपरिवर्तनापेक्षा नागरी जीवनाच्या गरजेतून अधिक झाला. परमहंस सभेने जे तत्त्व म्हणून मांडले, ते गिरणीच्या भोंग्याने सवय म्हणून घडवले. सवयीने तत्त्वाची जागा घेतली, परंतु त्याचे काम पूर्ण केले नाही. १९३४ पासून चालत आलेल्या लालबागच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मंडपाबाहेर रांगेतील माणूस वडापाव खातो आणि आत नैवेद्याच्या ताटात मोदक असतो. रस्त्यावरचे अन्न व देवापुढचे अन्न यांतील ही रेषा आता कोणाला जातीची वाटत नाही. ती केवळ परंपरेची वाटते. ती रेषा मुळात कशी आखली गेली याचे विस्मरण झाल्यामुळेच ती निरुपद्रवी भासते. एका तुकड्यासाठी ज्यांनी बहिष्काराचे भय सोसले, त्यांचा इतिहास म्हणूनच पावाच्या इतिहासातून वगळता येत नाही.