भंडाऱ्याचीं तळीं आणि वैनगंगेचा पूर

पुरापासून शहराचें रक्षण करावयाचें म्हटलें कीं अलीकडे आमच्या विद्वान मंडळींस चीन देशाचें स्मरण होतें. तेथें २०१५ सालीं पावसाचें पाणी शोषून घेणारीं 'स्पंज-शहरें' उभारण्याचा उपक्रम निवडक नगरांत सुरू झाला, व तो अभ्यसनीय आहे यांत संशय नाहीं. परंतु तळ्यांचा जिल्हा अशी ज्याची ख्याति, त्या भंडाऱ्यानें ही विद्या परदेशांतून आणावी याचें आम्हांस नवल वाटतें.

येथील तळीं बहुतांशीं मानवनिर्मित होत. गोंड राजांच्या आश्रयाखालीं कोहळी लोकांनीं तीं बांधिलीं अशी परंपरा आहे. पाऊस सुमारें पन्नास इंच, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. भातास मात्र पाणी हवें तें पावसानें दडी मारल्यावर. म्हणून टेकडीच्या पायथ्याशीं उतारास आडवी मातीची पाळ घालावी, एका बाजूस सांडवा ठेवावा, आणि वरच्या तळ्यांतून सांडलेलें पाणी खालच्या बोडीनें झेलावें, अशी ही योजना. हेतु सिंचनाचा, पण पाणी नाल्यास मिळण्यापूर्वीं त्याचा वेग मोडे, हा लाभ आपोआप पदरीं पडे.

मालगुजार कांहीं धर्मात्मे नव्हते. गांवचा सारा तळ्यावर अवलंबून, म्हणून त्यांस पाळेची काळजी. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ सालीं तळीं सरकारजमा झालीं. तेव्हांपासून तीं 'माजी मालगुजारी', म्हणजे लोकांच्या तोंडीं 'मामा तलाव'. कुळांवरील जाच गेला हें इष्टच झालें. पण हक्क सरकारकडे गेला, तशी गाळ काढण्याची व पाळ बांधण्याची कळकळ कांहीं त्यासोबत गेली नाहीं.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेनें भंडारा शहरांत शिरून जो हाहाकार उडविला, तो या तळ्यांनीं टळला असता असें आम्ही म्हणत नाहीं. तें पाणी मध्यप्रदेशांतील अतिवृष्टीचें. शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवरांतून तें सोडावें लागलें, आणि इकडे गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडले गेले. एवढ्या लोंढ्यापुढें बोडीची काय कथा! परंतु नदी फुगली म्हणजे शहरांतील नाल्यांचें तोंड बंद होतें, आणि शहरावर पडलेला पाऊस शहरांतच तुंबतो. हा दुसरा पूर घरचा आहे. त्यास खांब तलावासारखीं तळीं, सखल मोकळ्या जागा आणि भोंवतालच्या शिवारांतील बोड्या, हाच उतारा. सखल जागीं भराव घालून घरें बांधावयाचीं आणि मग नदीस बोल लावावयाचा, हा न्याय आम्हांस पटत नाहीं.

दुरुस्ती म्हणजे केवळ गाळ उपसणें नव्हे. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला तरी तळ्यांचा हा प्रदेश एकच. त्यांत भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळानें ढीवर समाजांतील स्त्रीपुरुषांसह कांहीं तळ्यांतील बेशरम उपटून, तळ नांगरून, देशी पाणवनस्पति लाविल्या. मासळी वाढावी हा उद्देश. यंत्रानें सर्व तळ सारखाच खोल खणला, तर काठचा उथळ उतार नाहींसा होतो, व त्यासोबत तेथील वनस्पति आणि माशांचीं पिलेंही. शहरांतल्या तळ्याभोंवतीं दगडी भिंत व फरसबंदी केली म्हणजेही उतार जातो. शिवाय पावसाचें पाणी तळ्यांत येण्याची वाटच बुजते, आणि तें पाणी शेजारच्या आळींत शिरतें.