अर्थ सांगणारे शब्द

इंग्रजींतील ‘इंटरप्रिटेशन’ या शब्दाला मराठींत एकच प्रतिशब्द शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं; सांपडतात ते अनेक, आणि ते एकमेकांच्या जागीं घालतां येत नाहींत. ज्या लॅटिन शब्दापासून तो निघाला, त्याचा अर्थ दोन पक्षांमध्यें उभा राहून व्यवहार जुळविणारा मध्यस्थ. आपला दुभाषी हा त्याचाच आप्त. एकाचें बोलणें दुसऱ्यास कळवावें, पदरचें कांहीं घालूं नये, एवढेंच त्याचें काम.

संस्कृत शास्त्रकारांनीं मात्र अर्थ सांगण्याच्या पायऱ्या निरनिराळ्या मानल्या. सूत्राचा सरळ अर्थ उलगडून दाखविते ती वृत्ति. सूत्रकार काय बोलला, काय बोलावयाचें राहिलें आणि कोठें चुकला, याचा विचार करतें तें वार्तिक; पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें तें रचलें. सूत्राच्या पदांना धरून अर्थ सांगतें आणि स्वतःच्या शब्दांचेंही विवरण करतें तें भाष्य; पतंजलीचें महाभाष्य हा त्याचा नमुना. अवघड पदें सोडवीत ग्रंथाबरोबर चालते ती टीका. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेवर केली ती टीकाच. दोष काढणें हा त्या शब्दाचा अर्थ पुढें रूढ झाला. अर्थ सांगणाऱ्यानें किती मोकळीक घ्यावी, हें अशा नांवांवरूनच कळतें.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. १९०८ सालच्या जुलै महिन्यांत मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ‘केसरी’च्या १२ मे व ९ जूनच्या अंकांतील लेख मराठी, ज्यूरींत ७ युरोपियन व २ पारशी. त्यांतील बहुतेकांना मराठी येत नसल्यामुळें निकाल अवलंबून होता तो सरकारी इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनीं भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि एकेका शब्दाच्या छटेसाठीं वाद घातला. दुभाष्याचें काम कोठें संपलें आणि भाष्य कोठें सुरू झालें, हाच त्या वादाचा गाभा होता. ज्यूरीनें ७ विरुद्ध २ मतांनीं त्यांना दोषी ठरविलें आणि न्यायमूर्ति दावर यांनीं ६ वर्षें हद्दपारीची शिक्षा सांगितली.

मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत त्याच टिळकांनीं गीतेचा अर्थ लिहून काढला. १९१५ सालीं ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झालें. पूर्वीच्या टीकाकारांनीं आपापल्या संप्रदायास जुळता अर्थ गीतेंतून काढला, असें त्यांचें म्हणणें. आणि टिळकांनीं आपला कर्मयोग गीतेंत घातला, असें संन्यासमार्गी पंडितांचें उत्तर. पुन्हां वाद तोच, फक्त कोर्ट निराळें.

अर्थ कळविणें, अर्थ लावणें, अर्थ काढणें आणि अर्थ पदरचा घालणें, या चारही क्रियांना इंग्रजी शब्द एकाच नांवानें हांक मारतो. तो मराठींत आणतांना, यांपैकीं नेमकें काय चाललें आहे, हें आधीं ठरवावें लागतें.