‘बॅप्टिझम’, ‘इमर्शन’, ‘डिप’ : बुडण्याच्या इंग्रजी शब्दांचे मूळ व अर्थ

रायगड किनाऱ्यावर भाषांची सरमिसळ जुनी आहे. पोर्तुगीजांनी १७४० साली चौल सोडले, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही घरोघरी बोलली जाते. उपासना मराठीत होते आणि मुले इंग्रजी शिकतात. त्यामुळे आपण ज्याला ‘स्नानसंस्कार’ म्हणतो त्याला इंग्रजीत ‘बॅप्टिझम’ का म्हणतात, आणि त्या विधीच्या वर्णनात येणारे ‘इमर्शन’ म्हणजे काय, हे प्रश्न साहजिकच निघतात. त्यांचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

‘बॅप्टिझम’ हा शब्द मूळचा ग्रीक. ‘बाप्तो’ म्हणजे बुडविणे. कापड रंगात बुडवून काढणे यासाठीही तो वापरीत. त्यापासून झालेला ‘बाप्तिझो’ अधिक जोरकस आहे. पाण्यात पुरते बुडविणे, गडप करणे असा त्याचा भाव असून ग्रीक लेखक बुडणाऱ्या जहाजाविषयीही तो योजीत. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात कुष्ठरोगी नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी घेतो, तेथे हिब्रूतील ‘तावल’ या धातूसाठी ग्रीक भाषांतरकारांनी हाच शब्द घेतला. ज्यू धर्मातील शुद्धीच्या स्नानाचे ‘तेविला’ हे नाव याच हिब्रू धातूचे. अलिबाग परिसरातील बेने इस्राएल समाज त्याच परंपरेचा वारस होय.

ग्रीक शब्द लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यापूर्वी जुन्या इंग्रजीत ‘डिप’चे पूर्वरूप याच अर्थाने आढळते, ‘डीप’ म्हणजे खोल, हा त्याचाच आप्त. ‘इमर्शन’ मात्र शुद्ध लॅटिन : ‘इन’ म्हणजे आत, ‘मेर्गेरे’ म्हणजे बुडविणे. त्याच धातूपासून वर येणे या अर्थाचा ‘इमर्ज’ झाला, आणि अचानक वर उद्भवते ती ‘इमर्जन्सी’! ‘प्लंज’चे मूळ लॅटिन ‘प्लुंबुम’, म्हणजे शिसे. जाळ्याचा तळ शिशाच्या वजनाने खाली जातो, हे आमच्या कोळी बांधवांना सांगावयास नको.

हे सर्व शब्द पाण्याखाली जाण्याचे आहेत. ‘स्नान’ हा शब्द मात्र धुण्याचा आहे. दोहोंतला फरक लहान नाही. संत पौल रोमकरांस पत्रात (६:३-४) म्हणतो की, बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताच्या मरणात सहभागी होऊन त्याच्याबरोबर पुरले जातो, ते नव्या जीवनात चालण्यासाठी. ‘स्नानसंस्कार’ या नावातून पापक्षालन स्पष्ट कळते, पण पुरले जाणे कळत नाही. मराठीत ‘बुडणे’ म्हटले की पैसे बुडतात, धंदा बुडतो, होडी बुडते. असा अशुभ शब्द संस्काराच्या नावाला चालला नसता, हे खरे. परंतु आमच्या मते मरणाचा जो भाव पौलाला अभिप्रेत आहे, तो या अशुभ शब्दातच आहे. म्हणून धर्मशिक्षण देताना ‘स्नान’ सांगून झाल्यावर ‘बुडणे’ही सांगावे.

या एका शब्दावरून मोठे वादही झाले. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी नव्या करारात ‘बुडविणे’ या अर्थाचा बंगाली शब्द घातला, तेव्हा बायबल सोसायटीने त्या आवृत्तीला साहाय्य नाकारले. मराठी बायबलात ग्रीक शब्दच ‘बाप्तिस्मा’ या रूपात राहिला.

कॅथोलिक ख्रिस्तसभेत हा वाद उरलेला नाही. धर्मविधानाच्या ८५४व्या कलमानुसार पाण्यात बुडवून किंवा पाणी ओतून, दोन्ही प्रकारे संस्कार देता येतो. पहिल्या शतकांतील ‘दिदाखे’ या ग्रंथातही वाहत्या पाण्याला पसंती दिली असून, पुरेसे पाणी नसल्यास मस्तकावर तीनदा ओतावे, असे सांगितले आहे. आपल्या चर्चमध्ये बहुधा ओतण्याचीच पद्धत दिसते.