पोथीच्या आधीची पोथी

आपण वाचतो ती ज्ञानेश्वरी बहुतांशी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध केलेली. नाथांनी प्रती ताडून पाठ ठरवला. पण कोणता शब्द कुठून घेतला आणि कोणता का गाळला, याची ओवीवार नोंद आपल्या हाती नाही. म्हणून वि. का. राजवाड्यांना नाथपूर्व प्रत महत्त्वाची वाटली. त्यांच्या मते तशी असलेली ज्ञानेश्वरी त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आमच्या सोनगीरपासून जवळच, धुळ्यात आहे. तिथल्या जुन्या कागदांची सवय असल्याने संगणकाच्या इतिहासातला एक प्रश्न मला ओळखीचा वाटला : पूर्ण झालेले काम सर्वांना मिळते, चालू काम कोणाला पाहता येते?

१९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली लिहिली. प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती अख्खी न साठवता ती बदल तेवढे नोंदवी. डिक ग्रून यांच्या १९८६ च्या कामातून पुढे सीव्हीएस आले आणि एकाच भांडारावर अनेकांना एका वेळी काम करणे सोपे झाले. भांडाराची किल्ली मात्र मोजक्यांकडेच राहिली.

१९९४ च्या अखेरीस थिओ डी राट यांचा नेटबीएसडीच्या भांडारातला प्रवेश बंद झाला. ते या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक होते. १९९५ मध्ये त्यांनी ओपनबीएसडी सुरू केले आणि चक क्रेनर यांच्यासह भांडार निनावी वाचकांनाही खुले केले. लिहिण्याचा अधिकार निवडकांचा, वाचण्याचा सर्वांचा. ही फारकत मला या इतिहासातली सर्वांत मोठी घटना वाटते.

२००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. त्यात ‘क्लोन’ केले की सगळा पूर्वेतिहास आपल्या संगणकावर येतो. ‘पुल’ केले की ताजे बदल. ते कंपाइल करून चालवले, की अजून प्रसिद्ध न झालेली आवृत्ती हाती येते. ती मध्येच बंद पडू शकते, म्हणून महत्त्वाच्या कामाच्या संगणकावर ती ठेवू नये.

मग ती घ्यायची कशाला? ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. अक्षरजुळणी चुकली तर समुद्राच्या दऱ्या होतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळणही हिंदीहून वेगळे आहे. हे मराठी डोळ्यांनाच आधी खटकणार. आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणी पाहिले नाही, तर तीच चूक हजारो संगणकांवर जाते.

नुसती चूक दाखवूनही थांबावे लागत नाही. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती ठाऊक असेल, तर मधल्या बदलांचे निम्मे-निम्मे भाग करत जाता हजार बदलांतला दोषी बदल सुमारे दहा तपासण्यांत सापडतो. बदल करणाऱ्याचे नाव आणि तारीखही मिळते. राजवाड्यांना पोथीचे वय तिच्या भाषेवरून ताडावे लागले. आपल्यासमोर नोंद उघडी आहे. वाचणारे मराठी डोळे हवेत.