वही कोणाच्या घरी?

आमगावच्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी आम्हांस विचारले, की घरच्या जमाखर्चासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? साहित्याच्या अभ्यासकांना विचारावा असा हा प्रश्न नव्हे, असे आम्ही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "दोन-तीन वापरून पाहिली. आकडे सगळीच बरोबर करतात. अडचण शब्दांची आहे. आईला ते शब्द आपले वाटत नाहीत, आणि घरचा हिशेब आईच लिहिते." हे उत्तर ऐकल्यावर प्रश्न टाळणे आम्हांस शक्य झाले नाही. प्रस्तुत लेख हे त्याचे लांबलेले उत्तर आहे.

मराठी वाङ्मयाच्या परंपरेत हिशेबाची एक कथा सर्वपरिचित आहे. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्याकडे एकनाथ हिशेबाचे काम पाहत. एके रात्री एका पैचा ताळा लागेना. नाथ रात्रभर वही घेऊन बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. एका पैच्या चुकीसाठी एवढी एकाग्रता, तर ती परमार्थाकडे वळली तर काय होईल, असे गुरूंनी म्हटल्याचे चरित्रकार सांगतात. कथेचे तात्पर्य आध्यात्मिक आहे. परंतु तिच्यात एक लौकिक निरीक्षणही दडलेले आहे: ताळा शोधताना माणूस आपला सारा व्यवहार पुन्हा एकदा वाचतो. नाथांच्या भारुडांत 'अर्जदास्त', 'ताकीदपत्र', 'अभयपत्र' अशी दफ्तरी कागदांची रूपे येतात, ती या वाचनाशिवाय आली असती असे आम्हांस वाटत नाही. आजचे दुहेरी नोंदीचे सॉफ्टवेअर न जुळणारी नोंद सहसा स्वीकारीतच नाही. नाथांची ती रात्र त्याने वाचविली हे खरे. पण त्या रात्रीचे वाचनही त्याबरोबर गेले.

हिशेबाची मराठी परिभाषा किती समृद्ध होती हे पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. रोजच्या नोंदींची रोजकीर्द, खातेवार मांडणीची खतावणी, वर्षाचा गोषवारा देणारा तर्जुमा, अखेरचा ताळेबंद आणि येणाऱ्या वर्षाच्या जमाखर्चाचा आधीच बांधलेला अंदाज म्हणजे बेहेडा. ज्याला आज आपण बजेट म्हणतो, त्यासाठी शब्द नव्हता असे मुळीच नाही. या शब्दांतील कीर्द, खतावणी, नावे, जमा, शिल्लक हे शब्द गावोगावच्या दुकानांत आणि पतसंस्थांत टिकले. आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींना तेच येतात, कारण बचत गटाच्या वह्या त्यांनी याच शब्दांत लिहिल्या. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. पुढे महाराष्ट्रात बचत गटांचे जाळे पसरले आणि असंख्य स्त्रियांच्या हाती प्रथमच दुसऱ्यांना दाखवावयाची, बेरीज जुळलीच पाहिजे अशी वही आली. या घटनेची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात व्हावयास हवी, असे आमचे मत आहे.

परंतु परिभाषेपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. वही कोणाच्या घरी राहते? शेतकऱ्याच्या घरचा हिशेब शतकानुशतके शेतकऱ्याच्या घरी नव्हता. तो सावकाराच्या वहीत होता, आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला तो वाचता येत नव्हता. तुकोबांनी घरच्या सावकारीची खते निम्मी भावाला देऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ऋणको वाचू शकत नाही असा कागद धनकोनेच नाहीसा करावा, हा त्या कथेचा आर्थिक अर्थ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ साली आलेल्या दख्खनच्या शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे मध्यप्रांतात होते. तेथे हा कायदा लागू नव्हता. सावकाराने ऋणकोचा हिशेब ठेवावा आणि त्याला तो कळवावा, हे बंधन मध्यप्रांताच्या १९३४ च्या सावकारी कायद्याने घातले. मधली पंचावन्न वर्षे लक्षात घेतली, म्हणजे आपल्या हिशेबाची नक्कल आपल्या हाती असणे ही किती उशिरा मिळालेली गोष्ट आहे हे ध्यानात येते.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. १९७९ साली व्हिसिकॅल्क आले आणि आडव्या-उभ्या चौकटींची वही संगणकाच्या पडद्यावर उमटली. भारतात १९८६ पासून टॅलीने दुकानदारांचा जमाखर्च संगणकावर आणला. घरगुती हिशेबासाठी अमेरिकेत क्विकन, मायक्रोसॉफ्ट मनी आणि पुढे मिंट लोकप्रिय झाली. यांपैकी मनीची विक्री २००९ साली थांबली आणि मिंट २०२४ साली बंद झाले. या दोन्ही कंपन्या लहान नव्हत्या, हे विशेष. आमच्या स्नेह्यांच्या फोनवरील असेच एक ॲप बंद पडले आणि दोन वर्षांच्या नोंदी त्याबरोबर गेल्या. कारण त्या त्यांच्या घरी कधी नव्हत्याच. एकोणिसाव्या शतकातील कुणब्याला या अनुभवाचे नवल वाटले नसते.

दुसरी गोष्ट काळाची. या साधनांची घडण महिन्याच्या पगारावर झालेली आहे: दरमहा उत्पन्न, दरमहा मर्यादा, मर्यादा ओलांडली की लाल आकडा. झाडीपट्टीतील धानाचे वर्ष असे चालत नाही. आषाढ-श्रावणात रोवणीची मजुरी, खत आणि औषध यांत हात रिकामा होतो. दिवाळीच्या आगेमागे कापणी सुरू होते, आणि धान विकून पैसा हाती यावयास आणखी काही आठवडे जातात. रोवणीच्या महिन्यात हे ॲप त्या घराला उधळे ठरविते आणि हंगामानंतरच्या महिन्यात श्रीमंत. दोन्ही निदाने चुकीची. शिवाय घरी खाण्यासाठी ठेवलेले धान आणि मजुरीपोटी दिलेले धान यांना त्यात रकानाच नाही. बेहेडा वर्षाचा असे, यामागे शेतीचे वर्षच होते. जपानमध्ये हानी मोतोको या संपादिकेने १९०४ साली गृहिणींसाठी छापील हिशेबवही काढली. तिची परंपरा आजही चालू आहे, कारण घर चालविणाऱ्या व्यक्तीला डोळ्यांपुढे ठेवून तिची आखणी झाली होती.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. प्रत्येक घरात एक हिशेब लिहिला जात नाही. डाळीच्या डब्यात, पातळाच्या घडीत ठेवलेला पैसा हा स्त्रियांचा अलिखित राखीव निधी. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा हा निधी घरोघरी एकाएकी उघडा पडला आणि कित्येकींना तो घरच्या पुरुषांच्या हाती बँकेत न्यावयास द्यावा लागला. बँकेचे संदेश वाचून आपोआप नोंदी करणारी ॲप्स सोयीची आहेत, परंतु त्यांच्यापुढे असे काहीच झाकलेले राहत नाही. सर्व काही दिसणे म्हणजे हिशेब चोख असणे, हे समीकरण आम्हांस मान्य नाही. काय लिहावयाचे आणि काय नाही, हे वही लिहिणाऱ्याने ठरवावे.

मग आम्ही काय सुचविले? तीन कसोट्या. नोंदींची फाइल आपल्याच संगणकावर राहावी आणि दुसऱ्या कोणत्याही साधनात उघडता यावी. वर्ष आपल्या सोयीने मांडता यावे. खात्यांची नावे आपल्या शब्दांत देता यावीत. या कसोट्यांवर १९९८ पासूनचे, मुक्त परवान्याचे ग्नूकॅश उतरते. त्याचे मराठी भाषांतरही झालेले आहे. ते जड वाटल्यास साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे. आणि मातोश्रींची कागदी वही बंद करू नये, हे आम्ही आवर्जून सांगितले. संगणक ही नक्कल, वही हे मूळ.

आमगावजवळचे पदमपूर म्हणजेच भवभूतीचे पद्मपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले होते. आपल्या लेखनाचा समानधर्मा वाचक पुढे कधीतरी येईल, असा त्या कवीचा विश्वास होता. घरच्या वहीला एवढा मोठा काळ नको असतो. पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलीने ती उघडावी आणि रोवणीच्या एका वर्षी घर कसे निभावले ते तिला कळावे, इतकेच पुरे.

स्नेह्यांनी अखेर स्प्रेडशीट निवडली. पहिल्या ओळीत मातोश्रींनी रकान्यांची नावे सांगितली: तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक. मग थोडा विचार करून आणखी एक रकाना घालावयास लावला: धान.